एका इराणी कुत्र्याने वकीलसाहेबांचा रोल खाल्ला

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या. कढीपत्ता नंतर तोडा. वकीलसाहेब घरात आहेत का? नाहीत? मग बरंच झालं. ही बातमी त्यांना माझ्याकडून नको, तुमच्याकडूनच कळू दे. आमच्या भाचीच्या फिल्ममधला त्यांचा डॉक्टरचा रोल गेला. दुसऱ्या कोणाला दिला असं नाही हो, भलता अर्थ काढू नका. डॉक्टरच उडाला गोष्टीतून.

हसू नका. मला खरंच वाईट वाटतंय. त्या माणसाने रोलसाठी मिशी बारीक केली, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून जुना स्टेथोस्कोप मागून आणला. परवा फाटकात उभं राहून "आता सगळं त्याच्या हातात" हे वाक्य वर बोट करून, खाली बघून, चष्मा काढून, असं सगळ्या प्रकारांनी मला म्हणून दाखवलं. चष्मा काढून चांगलं जमत होतं. आणि काल ही पोरगी जेवता जेवता म्हणते, "मावशी, डॉक्टर काढला." का गं बाई? तर म्हणे, "किआरोस्तमी पाहिला."

आता हा कोण आणि त्याचं आपल्या वकीलसाहेबांशी काय वाकडं? तर हा इराणचा दिग्दर्शक, अब्बास किआरोस्तमी. पुढे जगभर नाव झालं त्याचं. पण १९७० साली त्याने पहिलीवहिली फिल्म केली ती जेमतेम दहा-बारा मिनिटांची, 'ब्रेड अँड अ‍ॅली'. मलाही बसवून दाखवली हिने. एक लहान पोरगा पाव घेऊन घरी चाललाय. गल्लीत एक कुत्रा. पोरगा घाबरतो. झालं, एवढीच अडचण. थांबून राहतो बिचारा. तेवढ्यात एक म्हातारा येतो, त्याच्या पाठीपाठी हा निघतो, तर म्हातारा मध्येच दुसरीकडे वळतो. शेवटी पोरगा पावाचा तुकडा कुत्र्यापुढे टाकतो. मग कुत्रा शेपूट हलवत त्याच्या दारापर्यंत सोबतीला. दार बंद होतं, कुत्रा बाहेरच बसतो, आणि गल्लीत दुसरा पोरगा येतो. संपलं.

मी म्हटलं, छान आहे, पण यात डॉक्टर काढण्यासारखं काय आहे? तर ही म्हणाली, "मावशी, एक मुलगा, एक कुत्रा, एक गल्ली. त्याला एकच अडचण पुरली. माझ्या गोष्टीत बिल्डर आहे, हार्ट अटॅक आहे, रुसलेली सून आहे, डॉक्टर आहे. तरी कुठे काही होतच नाहीये." बोला आता. इराणातल्या कुत्र्याने कोथरूडच्या वकिलाचा रोल खाल्ला.

पण सगळा दोष त्या कुत्र्याला देऊ नका. सुरुवातीपासून ऐका.

तिच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक फिल्म करावी लागते. पंधरा मिनिटांच्या आत, गोष्ट असलेली. ते तिला ड्रामा म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढे आपलं भरत नाट्य मंदिर आलं, पुरुषोत्तम करंडक, 'आव्वाज कुणाचा' ची आरोळी. तसलं नाही म्हणे. भूत नाही, मारामारी नाही, विनोदही मुद्दाम नाही. घरातली माणसं आणि त्यांचं एकमेकांशी अडलेलं काहीतरी. हिने विषय घेतला पुनर्विकासाचा. बंगल्यात आजी एकटी, मुलगा पुनर्विकासाच्या कागदांवर सही घ्यायला येतो. आपल्या गल्लीत आता किती बंगले उरलेत ते बघा, म्हणजे कुठून सुचलं ते कळेल.

विषय चांगला होता हो. मग सुरू झालं पाहणं. पुण्यात सिनेमा शिकायचा म्हणजे हा एक धोका आहेच. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातच्या जुन्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट, पलीकडे १९६४ पासूनचं फिल्म अर्काइव्ह, शिवाय उमेश कुलकर्णींच्या आरभाटचा शॉर्ट फिल्म क्लब. कुठे काही लागलं की ही स्कूटी घेऊन पसार. उरलेलं रात्री मोबाईलवर, पांघरुणात.

आणि सुरुवातीला काय व्हायचं माहितीये? पाहिलेली प्रत्येक फिल्म हिच्या गोष्टीत मुक्कामाला यायची. 'अ‍ॅन ऑकरन्स अ‍ॅट आऊल क्रीक ब्रिज' म्हणून एक आहे. अँब्रोस बिअर्स या अमेरिकन लेखकाची कथा, फिल्म केली रोबेर आंरिको या फ्रेंच माणसाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ, पुलावर एकाला फाशी देतायत. दोर तुटतो, माणूस नदीत पडतो, गोळ्या चुकवत पळत पळत घरी बायकोपर्यंत पोचतो. ती समोर उभी आहे, तो हात पुढे करतो आणि मानेला झटका. दोर तुटलाच नव्हता. सगळं त्या एका क्षणात त्याच्या डोक्यात. कान महोत्सवात पारितोषिक, पुढे ऑस्कर. मीसुद्धा दचकले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ही जाहीर करते, "मावशी, ठरलं. आजी पहिल्यापासून मेलेलीच आहे." आमच्या सासूबाई आतल्या खोलीतून ओरडल्या, "कोण गेलं गं?"

मग आला 'द रेड बलून'. तो मात्र तुम्हीही बघा, नातवाला घेऊन. आल्बेर लामोरिस नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५६ मध्ये केला, स्वतःच्याच मुलाला घेऊन. पॅरिसमधल्या जुन्या चढउताराच्या वस्तीत एक लाल फुगा या पोराच्या मागेमागे फिरतो, शाळेत काय, घरी काय. चौतीस मिनिटं. बोलणं जवळजवळ नाहीच, आणि तरी ऑस्कर मिळालं ते पटकथेचं! मोठ्या मोठ्या सिनेमांना मागे टाकून. तर आमच्या गोष्टीत लगेच लाल छत्री आली. आजीच्या मागे मागे गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून अंगणात. तंगूस बांधून ओढत होते. तुमच्या जास्वंदीत अडकली होती ना, ती हीच.

आमचे हे पट्टा बांधून हिंडतायत, विचारलंत की सांगतात बागकाम केलं. कसलं बागकाम! पोलंडच्या वूच शहरातल्या फिल्म शाळेत असताना रोमन पोलान्स्कीने १९५८ मध्ये एक फिल्म केली होती. दोन माणसं समुद्रातून एक कपाट घेऊन बाहेर येतात. गावभर हिंडतात, त्यांना कपाटासकट कोणी आत घेत नाही, मग परत समुद्रात. त्या पोलान्स्कीचं पुढचं आयुष्य हे वेगळंच प्रकरण आहे, ते सवडीने बोलू. पण ते बघून हिने आमचं शिसवी कपाट गच्चीवर न्यायचं काढलं. जिन्याच्या वळणावर आमच्या ह्यांची कंबर आणि कपाटाचा पाय एकदमच गेले.

म्हणजे बघा, आजी मेलेली, मागे लाल छत्री, गच्चीवर कपाट आणि वर पियानो. हो, पियानो! या सगळ्या मुलांच्या फिल्ममध्ये म्हातारं माणूस खिडकीत बसलं, चहा गार झाला, की पियानो वाजायला लागतो. आपल्या गल्लीत कोणाकडे पियानो होता हो कधी? आमच्याकडे पेटी होती, तिचीही एक पट्टी दाबली की वर यायची नाही. वर्गातल्या निम्म्या जणांच्या फिल्ममध्ये तीच खिडकी आणि तोच चहा, कारण सगळे यूट्यूबवर त्याच गाजलेल्या फिल्म बघतात.

हे कळल्यावर तिच्या एका सरांनी फर्मान काढलं की स्वतःची फिल्म होईपर्यंत दुसऱ्याची बघायची नाही. ओरिजिनॅलिटी जाते म्हणे. मला ते अजिबात पटलं नाही. मी सरांना ओळखत नाही, पण समोर असते तर सांगितलं असतं. दुसऱ्याच्या घरी जेवल्याशिवाय आपल्या आमटीत गूळ जास्त पडतो हे कळत नाही. ती बघायची थांबली असती तर तिच्याकडे काय उरलं असतं? तिचं स्वतःचं? अहो, तो डॉक्टर तिचा स्वतःचा होता! तो कुठल्याही शॉर्ट फिल्ममधून आला नव्हता. ती लहान असताना माझ्या मांडीवर बसून ज्या मालिका बघायची, त्यातून आला होता. दाराबाहेर येऊन चष्मा काढणारा डॉक्टर, जिन्यात उभं राहून ऐकणारी सून, खिशातून पडणारं पत्र. कोणाची नक्कल न करता, अगदी मनापासून तिने लिहिलं आणि कागदावर आलं ते हे. लाल छत्री उसनी आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती काढताही आली. डॉक्टर उसना आहे हे कळायला इराणी कुत्रा यावा लागला.

म्हणून मी म्हणते, या फिल्मनी पोरीच्या गोष्टीत आधी भर घातली ती वरवरची होती. त्यांचं खरं काम नंतर सुरू झालं, काढून टाकायचं.

आमच्याकडे एक मुलगा येतो, तिचा कॅमेरा करणारा. त्याने एक मजा सांगितली. कॅनडात आर्थर लिप्सेट म्हणून होता, तिथल्या सरकारी फिल्म बोर्डात कामाला. इतरांनी कापून टाकलेले फिल्मचे तुकडे गोळा करून, त्यात स्वतः टिपलेलं थोडं घालून तो लहान लहान फिल्म करायचा. त्यातली एक '२१-८७', दहा मिनिटांचीही नाही. चेहरे, यंत्रं, कुठलेतरी आवाज, गोष्ट अशी काही नाहीच. ती अमेरिकेत फिल्म शिकणाऱ्या एका मुलाने पाहिली आणि वेडाच झाला. पुन्हा पुन्हा पाहायचा. १९६७ मध्ये त्याने कॉलेजात स्वतःची फिल्म केली, तिच्यात आवाज आणि चित्र एकमेकांपासून तोडून लावायची रीत थेट तिकडून आलेली. तो मुलगा म्हणजे जॉर्ज लुकास. 'स्टार वॉर्स'वाला. आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये राजकन्येला जिथे कोंडून ठेवतात त्या कोठडीचा नंबर काय? २१८७. ऋण मान्य करायचं तर असं. लुकासने पुढे अंतराळयानं उडवली, लिप्सेटकडे तर धड गोष्टही नव्हती. काय घेतलं ते मात्र दोघांच्या फिल्म शेजारी शेजारी ठेवल्या की कळतं म्हणे. मी ठेवून पाहिल्या नाहीत, सिरियल चालू होती.

तर आमच्या घरी काय काय गेलं ते ऐका. आधी बडबड गेली. त्याला कारण सत्यजित राय. त्यांची 'टू' नावाची फिल्म आहे, १९६४ ची, एस्सो कंपनीच्या पैशाने केलेली, पंधरा मिनिटांच्या आसपास. बंगालमधली गोष्ट इंग्रजीत करा असं त्यांना सांगितलं होतं. रायांनी कुठल्याच भाषेत केली नाही. एक शब्द नाही त्यात! माडीवर श्रीमंताचं पोर, खेळण्यांनी खोली भरलेली. खाली झोपडीतलं पोर, हातात बासरी. हा बासरी वाजवतो, तो बिगुल काढतो. हा पतंग उडवतो, तो छऱ्याच्या बंदुकीने फाडतो. शेवटी खेळण्यांची मोडतोड आणि खालून पुन्हा बासरी. भांडण आहे, गर्व आहे, हार आहे, सगळं आहे आणि तोंड कोणी उघडत नाही.

ते पाहून आली आणि लाल पेन घेऊन बसली. मुलाचं आईपुढे एफएसआय, टीडीआर, कॉर्पस, भाडं असं पानभर भाषण होतं, वकीलसाहेबांनीच कौतुकाने तपासून दिलेलं. ते सगळं गेलं. राहिलं काय? "आई, ते कागद..." आणि आजी म्हणते, "आधी तो डबा खाली घे." मी वाचलं आणि खरं सांगते, भाषणात जे कळत नव्हतं ते आत्ता कळलं.

डबा कुठला म्हणाल तर माळ्यावरचा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे तुमचा संबंध येतो. उमेश कुलकर्णींची 'गिरणी' पाहिलीत का? फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेली, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. आई घरात पिठाची गिरणी घेते. पोराला आधी तिचं अप्रूप, आणि मग तिचा तो आवाज त्या एवढ्याशा घरात, त्याच्या डोक्यात, झोपेत, सगळीकडे. गिरणी काही वाईट वागत नाही हो, ती नुसती चालते. पण ती घरातलं एक माणूस होऊन बसते. हे पाहिल्यावर आमची बाई घरभर कान लावून फिरायला लागली. फ्रिज गुरगुरतो किती, जिन्याची कितवी पायरी वाजते, कडी कशी पडते. मला वाटलं आता हिच्या फिल्ममध्ये गिरणी येणार. आली नाही. तिने विचारलं, "मावशी, आपल्या घरात सगळ्यात मोठा आवाज कशाचा?" मी म्हटलं, माळ्यावरून मोठं भांडं ओढलं की होतो तो. दोन घरं पलीकडे ऐकू जातं. तिथून माळा आला. मुलगा सही घ्यायला येतो, आई त्याला शिडीवर चढवते, आणि तो एकेक भांडं खाली देत राहतो. कागद पिशवीत. अख्खी फिल्म एवढीच.

आणि त्या भांड्यांमध्ये तुमचा तांब्याचा बंब आहे. तो राहिला. हो, मला माहितीये ते ऐकायला कसं लागतं. वकीलसाहेब गेले आणि बंब राहिला. पण त्याला काढताच येत नाही, शेवटचा शॉट त्याच्यावर आहे.

एक फिल्म अशीही होती की तिचा मोह हिने टाळला, ते मला विशेष वाटलं. नीरज घेवानची 'जूस', शेफाली शहा आहे त्यात. बाहेरच्या खोलीत पुरुष मंडळी कूलरसमोर गप्पा मारतायत, आत बायका घामाघूम. शेवटी ती बाई रसाचा ग्लास आणि खुर्ची घेऊन बाहेर येते आणि कूलरसमोर बसते. नवऱ्याकडे असं बघते की बास. २०१७ मध्ये ती आल्यापासून तसं शेवटी बघणाऱ्या नायिका किती आल्या म्हणता! हिचाही शेवट तसाच लिहिलेला होता, आजी मुलाकडे रोखून बघते. मग स्वतःच खोडला. म्हणाली, "ते शेफाली शहाचं बघणं आहे. त्याच्यामागे तासभराचा उकाडा आहे. माझी आजी कशाला रोखून बघेल? तिला बंब कुठे ठेवायचा याची काळजी आहे." मला वाटतं, ही पोरगी त्या दिवशी पास झाली. कॉलेजने काय मार्क द्यायचे ते देऊ देत.

मध्ये एक रडारडही झाली. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाने पुनर्विकासावरच फिल्म काढली. हिला वाटलं कल्पना चोरली. जेवली नाही. तेव्हा याच भिंतीपाशी वकीलसाहेबांनी तिची शिकवणी घेतली होती, तुम्ही तेव्हा गावाला होतात. १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक, त्यांनी ते सिनेमावाल्यांना वाचून दाखवलं होतं. नंतर १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' सिनेमा आला, किशोरकुमार, वैजयंतीमाला. आनंद म्हणाले माझंच नाटक उचललं. प्रांतवादाचा विषय दोन्हीकडे, म्हणून खटला. पण कोर्ट म्हणालं, कल्पना आणि विषय कोणाच्या मालकीचे नसतात. कॉपीराइट असतो तो मांडणीवर, आणि मांडणी दोघांची वेगळी आहे. आनंद हरले. वकीलसाहेबांनी हे इतकं रंगवून सांगितलं की पोरगी रडायची थांबली. "म्हणजे काका, विषय कोणाचाही, करणी माझी." तिथूनच ती स्वतःच्या करणीकडे नीट बघायला लागली, आणि त्यात पहिला बळी सांगणाऱ्याचाच पडला. न्याय असा असतो.

आता आजीचं काम कोण करतंय ते ऐकाच. आधी एक नाटकातल्या बाई ठरल्या होत्या. मग हिने 'पिस्तुल्या' पुन्हा पाहिला. नागराज मंजुळ्यांची पहिली फिल्म, नगरला शिकत असताना केलेली. शाळेत जायची ओढ लागलेलं गरिबाचं पोर. पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला. त्यातला सूरज पवार पुढे 'फँड्री'तही होता. तो पोरगा अभिनय करतोय असं कुठे वाटतच नाही. झालं, नाटकातल्या बाईंना नमस्कार आणि आमच्या सासूबाई उभ्या. वय ऐंशीच्या पुढे, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचा अनुभव आधार कार्डाच्या फोटोएवढा.

परवा नुसती तालीम होती. मुलाचं काम करणारा एका कॉलेजच्या एकांकिकेतला, तयारीचा नट. तो शिडीवर. पोरगी सासूबाईंना समजावत होती, "आजी, आयुष्यभराची भांडी खाली येतायत, घर जाणार आहे, तुम्हाला भरून येतं." सासूबाई म्हणाल्या, "मला कशाला भरून येईल? चाळीस वर्षं सांगतेय, माळा मोकळा करा. कोणी ऐकलंय?" आणि सुरूच झाल्या. ही परात धुणंवालीला. हे सतेलं कल्हई करून थोरलीकडे. तो पाट जाळा. हे कशाला ठेवलंय, याला बूड नाही. चेहऱ्यावर आनंद नुसता ओसंडत होता हो! आणि वर शिडीवर तो मुलगा भांडं हातात धरून तसाच. देववेना त्याला. त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. एकांकिकेतलं नाही, खरं. त्याची आजी गेल्या वर्षी गेली, नंतर कळलं.

मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला वाटलं आता ही म्हणणार, "कट, आजी, रडा." ती गप्प. कॅमेरावालाही गप्प. चालू ठेवलं त्यांनी. नंतर तिला विचारलं, थांबवलं का नाहीस? म्हणाली, "त्या कुत्र्याच्या फिल्ममध्ये कॅमेरामन म्हणत होता, मुलगा वेगळा घेऊ, कुत्रा वेगळा घेऊ, मग जोडू. किआरोस्तमी ऐकेना. दोघं एकाच शॉटमध्ये पाहिजेत म्हणून वाट बघत बसला." म्हणजे डॉक्टर घालवणारा तोच, आणि सासूबाईंना वाचवणाराही तोच.

तर आता गोष्ट उलटली आहे. आजीला घर सोडायचं दुःख नाही, मुलालाच सोडवत नाही, आणि कागद घेऊन आलाय तोच. हे कुठल्याही फिल्ममध्ये नव्हतं, ते आमच्या सासूबाईंचं. पण चार चांगल्या फिल्म पाहिल्या नसत्या तर आमच्या पोरीने ते ओळखलं नसतं, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं असतं.

सही होते का? ते फिल्ममध्ये नाही. मीही विचारलं, मला नाही सांगितलं.

पुढे काय होईल कोण जाणे. फिल्म इन्स्टिट्यूटच्या चिदानंद नाईकच्या फिल्मला २०२४ मध्ये कानला विद्यार्थ्यांच्या फिल्ममधलं पहिलं पारितोषिक मिळालं. कन्नड लोककथेवरची, म्हातारी गावचा कोंबडा पळवते आणि सूर्यच उगवत नाही. तो मुलगा शिकलेला डॉक्टर आहे बरं का, खराखुरा. वकीलसाहेबांना हे सांगा, जरा बरं वाटेल की उलटं, ते तुम्ही ठरवा. आमची काही कानला जाणार नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवतील, आपण सगळे जाऊ. नावं पडतात तेव्हा उठू नका मात्र, 'कायदेशीर सल्ला' म्हणून त्यांचं नाव एकट्याचं, वेगळं येणार आहे. मी तसं कबूल करून घेतलंय.

शूटिंग रविवारी सकाळी आहे. सात ते अकरा पाण्याची मोटर लावू नका, आवाज पकडतो म्हणे माईक. आणि तो बंब आज संध्याकाळी आमच्याकडे पाठवा, पण चिंच-मीठ लावून घासायला घेऊ नका. तिला तो काळवंडलेलाच हवा आहे.